खायला हरकत नाही

नानकटाईचा पुडा भूषणच्या हातात होता तोवर लाल होता. त्याने तो टेबलावरून मृणालकडे सरकवला, तिने उचलला, आणि पुड्याचा रंग उतरत उतरत बदामी झाला.

"काय म्हणतोय?" भूषणने विचारलं.

"अस्सल तुपातली. चहाबरोबर छान लागते. खायला हरकत नाही," मृणालने वाचून दाखवलं आणि दोन नानकटाया बशीत काढल्या.

"आण बघू इकडे."

त्याच्या बोटांत येताच पुडा पुन्हा लालभडक झाला आणि त्यावर बारीक अक्षरांच्या ओळी उमटल्या. तुमच्यासाठी एक, तीही आठवड्यातून एकदाच. जास्त खाल्ल्यास तुमच्या मूत्रपिंडांवर, डोळ्यांच्या पडद्यांवर, पायांच्या बोटांतल्या नसांवर... पुढचं भूषणने वाचलं नाही. ते त्याला पाठ होतं.

"तुझी साखर आज किती होती?"

"तुझ्याइतकीच. कदाचित तुझ्यापेक्षा जास्तच."

"मग?"

"मग काय? मी मुळातच गोड आहे हे त्याला कळलंय." मृणाल हसली. भूषण हसला नाही.

भूषण तगारे सांगलीचा. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्याची सगळी नोकरी झाली होती. पाकिटावर जे छापलंय ते आत नाही, असं गृहीत धरून पाकीट उघडायचं, ही त्या नोकरीतली पहिली शिकवण. निवृत्तीनंतरही ती सवय सुटली नव्हती.

त्याच्या तरुणपणी लेबल सगळ्यांना एकच गोष्ट सांगायचं, आणि ती सांगताना स्वतःशीच भांडायचं. कोट्यवधी वर्षं डोंगराच्या पोटात पडून राहिलेल्या सैंधव मिठावर दोन वर्षांची मुदत छापलेली असायची. शेंगदाण्याच्या चिक्कीवर इशारा असायचा की यात शेंगदाण्याचा अंश असू शकतो. समोर मोठ्या अक्षरात ‘साखर नाही’, आणि मागे मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत मध, गूळ आणि मक्याचा पाक. ‘घरगुती चव’, आणि त्याखाली औद्योगिक वसाहतीतला प्लॉट नंबर. एका माणसाने एका वेळी किती खावं, तर म्हणे साडेतीन बिस्किटं. उरलेलं अर्धं बिस्कीट कुणी खायचं हे कंपनीने कधी सांगितलं नाही. भूषणने हे किस्से कितीदा तरी सांगितले होते आणि मृणाल ते दर वेळी नव्याने ऐकत असल्यासारखी हसायची.

मग कायदा आला. जुनं लेबल ‘सरासरी माणसासाठी’ लिहिलेलं असतं आणि सरासरी माणूस कुणी पाहिलेला नाही, असं शास्त्रज्ञांचं म्हणणं होतं. खेळाडू, बाळंतीण आणि मधुमेही या तिघांना एकच आकडा सांगण्यात अर्थ काय? म्हणून वेष्टनांवर छापील अक्षरांऐवजी ओळखपट्टी आली. ओळखपट्टी म्हणजे एक पातळ पापुद्रा. त्यातल्या शाईला विजेचा सूक्ष्म झटका मिळाला की ती रंग आणि आकार बदलते. लोकांच्या मनगटावर नाडी मोजणारं कडं तर आधीपासून होतंच. रक्तातली साखर, घामातलं मीठ, नाडी, झोप, चालण्याची लय, सगळ्याची नोंद ते ठेवायचं. आता पुडा हातात घेतला की कडं त्याला आपल्या माणसाची माहिती द्यायचं आणि पट्टीवर फक्त त्या माणसापुरतं लेबल उमटायचं. कडं काढून ठेवलं तर जुनंच, सगळ्यांसाठीचं.

दोन माणसांना दोन लेबलं दिसणं यात म्हणूनच नवल काही नव्हतं. नवल वेगळं होतं. भूषण आणि मृणाल दोघंही साठी ओलांडलेली. दोघांनाही एकाच आठवड्यात मधुमेह निघाला होता, गोळ्याही एकच. इतकी वर्षं दोघांची लेबलं जवळजवळ शब्दाला शब्द सारखी यायची आणि दोघं मिळून त्यांना शिव्या घालायची. गेल्या हिवाळ्यात मृणालच्या लेबलातली एकेक ओळ गळायला लागली. आधी श्रीखंडावरची गेली. मग लोणच्यावरची मिठाची ताकीद गेली, मग पापडावरची. आता तिच्या हातात कुठलाही पुडा बदामीच राहायचा.

"यात कुणीतरी पैसे खाल्लेत," भूषण म्हणाला.

"माझ्या एकटीच्या नानकटाईसाठी?"

"सुरुवात अशीच होते."

त्याच्या संशयाला लवकरच खतपाणी मिळालं. मृणालच्या नावाने घरी डबे यायला लागले. काजूकतली, चॉकलेटं, तुपात घोळलेला चिवडा. वर सोनेरी फीत आणि ‘निवडक ग्राहकांना सप्रेम भेट’. भूषणच्या नावाने कधी साधी गोळीही आली नाही. मृणाल ते डबे आपल्या रोपवाटिकेत न्यायची. विश्रामबागेच्या पुढे तिची आणि तिच्या मैत्रिणीची रोपवाटिका होती. तिथल्या कामाच्या बायकांना ती खाऊ वाटायची आणि स्वतःही मनापासून खायची.

भूषणने एकेक शक्यता तपासायला घेतली. कडं बिघडलंय का, म्हणून त्याने ते दुकानात नेऊन दाखवलं. कडं ठणठणीत होतं. ती आपलं कडं रोपवाटिकेतल्या कुणा धडधाकट पोरीच्या हातात घालून ठेवते की काय, असंही त्याला वाटून गेलं. पण कडं फक्त मालकाच्याच नाडीला ओळखतं, हे तोही जाणून होता. तरी एका संध्याकाळी ती घरी आल्यावर त्याने विचारलंच.

"मृणाल, तू कुणाला सांगून काही करून घेतलंयस का?"

"काय करून घेणार?"

"लेबल. कुणी ओळखीचं असेल कंपनीत."

मृणालने हातातली पिशवी खाली ठेवली. "तू आयुष्यभर दुकानदारांवर संशय घेतलास, ते तुझं कामच होतं. आता घरात तपासणी सुरू केलीस का?"

त्या रात्री ती एकटीच आधी जेवून झोपायला गेली. भूषणला वाईट वाटलं, पण संशय गेला नाही. त्याने तिला सांगून अन्नलेख मंडळाकडे तक्रार केली. सगळ्या ओळखपट्ट्यांचं गणित ठरवणारी ही सरकारी संस्था पुण्याला होती. उत्तर काही क्षणांतच आलं: ‘आपल्या पत्नीचे लेबल अचूक आहे.’ भूषणने सरकारी खात्यात उमेदीची वर्षं काढली होती. इतक्या झटपट आणि इतक्या ठामपणे आलेलं सरकारी उत्तर त्याने कधी पाहिलं नव्हतं. कुणीतरी ते तयारच ठेवलं होतं. मृणालला जुन्या सहकाऱ्याकडे जातो असं सांगून त्याने पुण्याची गाडी धरली.

मंडळात त्याला डॉ. नाझनीन मुजावर यांच्याकडे पाठवण्यात आलं. चाळिशीच्या, बारीक चणीच्या, मूळच्या मिरजेच्या. भूषण सांगलीचा आहे कळल्यावर त्यांनी आपुलकीने चहा मागवला. त्याचं म्हणणं ऐकता ऐकता मात्र त्यांचा चेहरा गंभीर होत गेला. त्यांनी त्यांच्या पडद्यावर काहीतरी पाहिलं आणि पडदा मिटवला.

"तगारेसाहेब, लेबल बरोबर आहे. तुम्ही उगाच दगदग केलीत."

"मॅडम, मी निरीक्षक होतो. ‘उगाच’ हा शब्द ऐकला की मी बसून राहतो."

त्या कसनुसं हसल्या. "काय हवंय तुम्हाला?"

"दोन माणसं. वय तेच, साखर तीच. एकाला विष आणि दुसऱ्याला प्रसाद? गणित सांगा."

डॉ. मुजावरांनी चहाचा कप बाजूला केला. "सांगते. गणिताबद्दल सांगायला मला मनाई नाही. साखर खाल्ली की माणूस लगेच आजारी पडतो का?"

"नाही."

"मिठाचं पण तसंच. आज खाल्लेल्याचा परिणाम हळूहळू साचतो. नुकसान पिकायला वेळ लागतो. कधी पाच वर्षं, कधी पंचवीस. त्याला आम्ही फलनकाळ म्हणतो. झाड लावल्यावर फळ धरायला जेवढा वेळ लागतो, तसं. कुठला पदार्थ कुणाला किती घातक, हे ठरवताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात. शरीराची आजची अवस्था, आणि नुकसान पिकायला पुढे किती वेळ आहे."

"पुढे म्हणजे?"

"लहान मुलांचं लेबल कधी पाहिलंत? सगळ्यात लांबलचक तेच असतं. साध्या बर्फीवर बारा-बारा ओळी. कारण त्यांच्यापुढे सत्तर वर्षं असतात, प्रत्येक नुकसानाला पिकायला सवड असते. उलट, नव्वदीच्या आजोबांच्या पुड्यावर एखादीच ओळ येते. लोकांना वाटतं आम्ही वयाचा मान राखतो." त्या थांबल्या. "नव्वदीच्या माणसाला तुम्ही तंबाखू सोडायला सांगाल का?"

"नाही. आता कशाला..." भूषण बोलता बोलता गप्प झाला.

त्याने हातातला कप खाली ठेवला.

"ती साठीची आहे," अखेर तो म्हणाला. "पहाटे उठते. मातीची पोती स्वतः उचलते. माझ्यापेक्षा भरभर चालते."

"लेबलला आजार कळत नाही. ते डॉक्टर नाही. त्याच्यापाशी कोट्यवधी लोकांच्या नोंदी आहेत. नाडी कशी होती, झोप कशी होती, पायऱ्या चढताना श्वास कसा बदलत गेला. अमुक नोंदी ज्यांच्या ज्यांच्या होत्या, त्यांच्या पुढच्या नोंदी ते पाहतं."

"आणि त्या लोकांच्या पुढच्या नोंदी काय होत्या?"

डॉ. मुजावर खिडकीकडे पाहत राहिल्या.

"किती वेळ आहे?"

"आकडा मी सांगू शकत नाही. पट्टीवर एकही ताकीद उरत नाही, ती पूर्ण कोरी होते, तेव्हा फार नसतो. आणि गणित चुकतंही, तगारेसाहेब. शंभरातल्या काही जणांचं चुकतं."

"तुम्ही हे लोकांना सांगत का नाही?"

"कायदा आहे. लेबलाने पदार्थाबद्दल बोलायचं, माणसाबद्दल नाही. आजाराचं, आयुष्याचं अवाक्षर काढायचं नाही. आम्ही तो तंतोतंत पाळला. लेबल गप्प बसलं तर त्यातूनही माणसाला काही कळू शकतं, हे कायदा करताना कुणाच्या लक्षात आलं नाही. आमच्या आलं, पण उशिरा."

भूषणला एकदम काहीतरी सुचलं. "आणि ते डबे? सोनेरी फितीचे?"

डॉ. मुजावरांनी मान खाली घातली. "कुणाच्या हातात पुडा लाल होत नाही, ही माहिती कंपन्यांना विकत मिळते. ज्यांना आडकाठी नाही अशी गिऱ्हाइकं. असं का, हे त्यांना माहीत नाही."

"आणि ते विचारतही नाहीत."

"विचारायची गरज पडत नाही."

म्हणजे त्याचा संशय खरा होता. कुणीतरी पैसे खात होतंच. पण आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं, आपण खोटे ठरलो असतो तर किती बरं झालं असतं.

तो उठायला लागला तेव्हा डॉ. मुजावर दबक्या आवाजात म्हणाल्या, "एक करता येईल. नियमात बसत नाही, पण मी करू शकते. त्यांच्या कड्याला जुन्या नोंदींवर थांबवायचं. मग पट्टीवर पूर्वीसारखी सगळी ताकीद येईल. त्यांना काही कळणार नाही. डबेही बंद होतील."

"म्हणजे लेबल खोटं बोलेल."

"हो."

ज्याने जन्मभर खोटी लेबलं पकडली तो माणूस दारात उभा राहून थोडा वेळ विचार करत होता. मग म्हणाला, "करा."

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मृणालने नानकटाईचा पुडा उचलला आणि तो तिच्या हातात लाल झाला.

"अगं बाई," ती म्हणाली. "तुझ्या तक्रारीचा उपयोग झाला म्हणायचा. संपली माझी चैन." तिने लेबल शेवटपर्यंत नीट वाचलं, बशीत काढलेली नानकटाई पुड्यात परत ठेवली, आणि डब्यातले फुटाणे घेतले. "खूश आता?"

भूषणने मान हलवली. फुटाणे चावण्याचा आवाज त्याला सहन होईना.

त्याने तिला तपासण्या करून घेऊ या म्हणून सुचवलं. सगळ्या, एकदा, दोघांच्याही. "गणपती होऊ देत," ती म्हणाली. "पावसाळा म्हणजे आमचा हंगाम. रोपं न्यायला रांग लागलीय आणि मी दवाखान्यात काय बसू?" जास्त आग्रह करायचा तर कारण सांगावं लागलं असतं. तो दर दोन दिवसांनी विषय काढायचा आणि ती दर वेळी नवं काम पुढे करायची.

या दिवसांत त्याला एक वाईट खोड लागली. किराणा दुकानात तो माणसांच्या हातांकडे बघायला लागला. कुणाचा पुडा लाल होतो, किती गडद होतो, किती ओळी येतात. एक म्हातारबा तुपाच्या डब्यावरची लांबलचक ताकीद वाचून कंपनीच्या नावाने बोटं मोडत होते, तेव्हा भूषणला त्यांना सांगावंसं वाटलं की बाबा, पेढे वाटा. मग एकदा त्याच्या शेजारी एक तिशीची बाई उभी होती. कडेवर मूल. तिने बर्फीचं खोकं उचललं. खोकं बदामी होतं, बदामीच राहिलं. तिने ते मुलाला दाखवलं. "बघ, आईला चालतंय! आईला कुणी ओरडत नाही!" मुलाने टाळ्या वाजवल्या.

भूषण तिच्यापासून हातभर अंतरावर होता. तिला काय सांगायचं? की आजच्या आज दवाखान्यात जा? आणि गणित चुकलेल्या थोड्यांपैकी ती असली तर? त्याने तोंड उघडलं. बाईने प्रश्नार्थक पाहिलं. "बर्फी चांगली आहे ही," तो म्हणाला. ती हसून पैसे द्यायला पुढे गेली. तो सामान तिथेच ठेवून दुकानाबाहेर पडला आणि पायरीवर बसून राहिला.

तो घरी आला तेव्हा मृणाल टेबलाशी बसली होती. तिच्या हातात नानकटाईचा पुडा होता. ती खात नव्हती. पुडा उघडून नुसता वास घेत होती, आणि त्याची चाहूल लागताच तिने तो घाईने मिटला. एखादी चोरी पकडली गेल्यासारखा तिचा चेहरा झाला.

"खात नव्हते रे. शपथ."

भूषणने पुडा तिच्या हातून घेतला, दोन नानकटाया काढल्या आणि तिच्यासमोर ठेवल्या.

"खा."

"लेबल काय म्हणतंय वाचलंस का?"

"लेबल खोटं आहे. मी करायला लावलंय."

मग त्याने तिला सगळं सांगितलं. पुणे, डॉ. मुजावर, फलनकाळ, कोरी पट्टी. सांगताना तो तिच्याकडे न बघता पुड्याकडे बघत होता. मृणालने मधे एकदाही अडवलं नाही. तो थांबल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो त्याने अपेक्षिलेला नव्हता.

"म्हणजे त्या काजूकतलीवाल्यांना माझ्याआधी कळलं?"

"त्यांना कारण माहीत नसतं."

"डबे मात्र पाठवले. फीत लावून." तिने स्वतःच्या मनगटावरच्या कड्याकडे पाहिलं. "आणि तुलाही माझ्याआधी कळलं. आणि तू मला फुटाणे खायला लावलेस."

"मला वाटलं, तुला कळू नये."

"मी दुकानात पुडा हातात घेतला की तू माझ्याकडे कसा बघायचास ते मला दिसत नव्हतं का, भूषण? मला वाटलं तुझा संशय अजून गेला नाही. माझ्यावरचा." तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "महिनाभर मी त्याच रागात होते. तो महिना मला परत दे."

काही वेळाने तिने डोळे पुसले, एक नानकटाई उचलली आणि चहात बुडवली. "त्या बाईंना फोन कर," ती म्हणाली. "माझं लेबल होतं तसं करून घे. माझ्याशी खोटं बोललेलं मला चालायचं नाही. ना तुझं, ना पुड्याचं."

मिरजेच्या इस्पितळात साध्या तपासण्यांत काहीच निघालं नाही. भूषणने डॉक्टरांना कोऱ्या पट्टीबद्दल सांगितलं. ते आधी हसले, मग विचारात पडले आणि त्यांनी हृदयाची मोठी तपासणी करायला लावली. हृदयाच्या स्नायूत एक प्रकारचं प्रथिन साचत चाललं होतं. स्नायू हळूहळू ताठर होत होता. बाहेरून अजून काही दिसत नव्हतं. दिसायला लागलं असतं ते एकदम. औषध होतं. साचलेलं ते काढू शकत नव्हतं, साचण्याचा वेग थोडा कमी करू शकत होतं. "गोळ्यांनी मुदत वाढेल," डॉक्टर म्हणाले. ‘मुदत’ या शब्दावर भूषणने मान वर केली, पण डॉक्टर आपल्या कामात होते.

गोळ्या सुरू झाल्या. पुन्हा बदामी झालेली पट्टी बदामीच राहिली.

दरम्यान ही गोष्ट बाहेर फुटली होती. अशी शंका घेणारा भूषण काही एकटाच नव्हता. बातम्या आल्या, मंडळाने इन्कार केला, नंतर इन्कार मागे घेतला. लोक सुटा माल घ्यायला लागले. दुकानदारांनी पुन्हा पोती उघडून ठेवली. पुडा घ्यायचाच तर माणसं हातमोजे घालून घ्यायची, किंवा कडं घरी ठेवून यायची. लग्न ठरवताना मुलाच्या हातात पेढ्याचं खोकं देऊन बघतात, असं कुणी कुणी सांगायचं. आपल्या मुलाच्या बर्फीवर बारा ओळी येतात की अकरा, हे आया रोज मोजायला लागल्या होत्या.

आणि भूषण रोज सकाळी, मृणाल आंघोळीला गेली की, फडताळातला पुडा हातात घ्यायचा. तो लाल झाला की त्याचा जीव भांड्यात पडायचा. लगेच त्याला स्वतःची शरम वाटायची. तो पुडा घाईने जागेवर ठेवायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यायचा.

दसऱ्यानंतरच्या एका दुपारी तो रोपवाटिकेत गेला. झेंडूची गर्दी ओसरली होती. बायका जेवायला गेल्या होत्या. मृणाल जाळीच्या सावलीत बाकावर बसली होती. हल्ली ती पोती उचलत नसे. शेजारी भडंगाचा पुडा होता.

"कडं कुठंय तुझं?"

"खिशात आहे."

"घाल."

"कशाला?"

"घाल म्हणते ना."

त्याने कडं मनगटात अडकवलं. तिने पुडा उचलला आणि त्याच्या हातात दिला. तो तिच्या बोटांत बदामी होता, त्याच्या बोटांत लाल झाला, आणि ओळी उमटायला लागल्या.

"रोज सकाळी काय वाचतोस ते मलाही बघू दे," ती म्हणाली आणि चष्मा लावला.

"मृणाल, नको."

पण ती त्याच्या खांद्याला टेकून वाचायला लागली होती. "मिठामुळे रक्तदाब. बरं. मूत्रपिंडं. डोळ्यांचा पडदा. हे तर नेहमीचंच. गुडघ्यांवर भार." ओळी संपल्या की पट्टी वर सरकायची आणि नव्या यायच्या. "अजून आहे. पुढच्या टप्प्यात ऐकू कमी येण्याची शक्यता. आत्ता तरी कुठे ऐकतोस! त्यापुढे स्मरणशक्ती. आणि हे बघ, हे बघ." तिने बोट ठेवलं. "‘वार्धक्याच्या उत्तरार्धात हाडे ठिसूळ होऊ शकतात.’ उत्तरार्धात, भूषण! तुझा पूर्वार्धसुद्धा अजून नीट सुरू झालेला नाही."

ती खरोखर आनंदली होती. स्वतःचीच काही चांगली बातमी आल्यासारखी. भूषणच्या डोळ्यांपुढे मात्र त्या सगळ्या ओळी एकामागून एक येत होत्या, आणि कुठल्याच ओळीत ती नव्हती. गुडघे दुखतील तेव्हाही नाही. ऐकू येईनासं होईल तेव्हाही नाही.

"तुला भात लावता येतो," ती वाचता वाचता म्हणाली. "आमटी शिकून घे माझ्याकडून. एवढी वर्षं नुसत्या भातावर निघायची नाहीत."

"पुरे आता."

"थांब रे. अजून सरकतंय."

पुडा खाली ठेवला की अक्षरं पुसली जाणार होती, आणि ती अजून वाचत होती. म्हणून तो पुडा दोन्ही हातांत धरून बसून राहिला.